लिस्बन ते माद्रिद : पाचशे किलोमीटर, पण वेळ किती?

भाची लिस्बनला नोकरीला गेल्यापासून तिच्याकडे जाण्याचे आमचे घाटत होते. येत्या जूनची तिकिटे अखेर हाती आली, तेव्हा मधल्या माद्रिदच्या फेरीवर बोट ठेवून सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, जाताना दोन तास वीस मिनिटे आणि येताना वीसच मिनिटे, हे कसे?"

तिकिटावर छापलेले होते तसेच. लिस्बनहून निघणे १०:०५, माद्रिदला पोहोचणे १२:२५; परतीला निघणे १६:००, पोहोचणे १६:२०. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते आणि पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे चालते, एवढाच तो घोळ. प्रवास दोन्हीकडून एक तास वीस मिनिटांचाच. खरे म्हणजे माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला येते, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने त्याने लंडनची वेळ पाळायला हवी. पण स्पेनने १९४० साली घड्याळे तासभर पुढे सरकवली आणि ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. म्हणून जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला रात्रीचे पावणेदहा वाजतात.

मग अंतराचा प्रश्न निघाला. मुलांचा जुना शालेय नकाशासंग्रह काढला, शिवणाच्या डब्यातला दोरा दोन ठिपक्यांवर ताणला आणि तोच दोरा खालच्या प्रमाणपट्टीवर धरला. सरळ रेषेत अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरले. पुणे ते हैदराबाद हे हवाई अंतरही जवळजवळ तेवढेच आहे. आता ताशी ८०० किलोमीटर हा वेग धरला, तर चाळीस मिनिटेही लागू नयेत. उरलेली चाळीस मिनिटे जमिनीवर आणि चढउतारात जातात. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची वाट, तिथली रांग, आणि माद्रिदच्या चार धावपट्ट्यांच्या अवाढव्य बाराखास विमानतळावर उतरल्यानंतरची रांगत केलेली फेरी, हे सारे त्यात धरलेले असते. शिवाय एवढ्या जवळच्या प्रवासात विमान पुरेसे उंच जाते न जाते, तोच उतरायला लागते, त्यामुळे पूर्ण वेग त्याला फार थोडा वेळ मिळतो. पश्चिमेकडून वाहणारा वारा जाताना बहुधा साथ देतो आणि येताना अडवतो, पण पाचशे किलोमीटरमध्ये तो फरक काही मिनिटांचाच.

रेल्वेने जावे, असे मला मनापासून वाटत होते. या दोन राजधान्यांमधली रात्रीची थेट गाडी मात्र २०२० मध्ये बंद पडली आणि आता वाटेत गाड्या बदलत बहुतेक सगळा दिवस घालवावा लागतो. वाईट वाटले, कारण तिथला पारंपरिक लोहमार्ग १,६६८ मिलिमीटर रुंदीचा आहे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त ८ मिलिमीटर अरुंद. मोटारीने सव्वासहाशे किलोमीटर पडतात. तेव्हा विमानच बरे. मात्र कोथरूडहून लोहगाव गाठताना जो वेळ जातो, त्याच्या अनुभवावरून तिथेही विमानतळाचे जाणे-येणे आणि तपासणी मिळून तीन तास वेगळे धरले आहेत.

एवढे ऐकून घेतल्यावर सौभाग्यवतींनी तिकिटाच्या छापील प्रतीवर सगळ्या वेळांपुढे पुण्याच्या वेळा पेन्सिलीने लिहून टाकल्या : जाताना दुपारी २:३५ आणि ३:५५, येताना संध्याकाळी ७:३० आणि रात्री ८:५०. एक प्रत मुलासाठी फ्रिजवर लावली आहे.