चेन सॉच्या साखळीला घरच्या घरी धार

पावसाळ्यात पन्हाळ्याकडच्या आमच्या बांधावरची झाडे उन्मळून पडतात, आणि ती कापताना चेन सॉ एकदा जरी मातीला टेकली तरी साखळीची धार तत्काळ जाते. टपोरे तुकडे उडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की दात बोथट झाले असे समजावे.

पूर्वी मी साखळी शहरातील एका दुकानात देत असे. एकदा ती परत आली तेव्हा दातांची टोके निळी पडली होती. निळा रंग ही पोलाद अति तापून त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरल्याची खूण असते आणि असा दात पुढे धार धरत नाही. म्हणून मी साखळी पकडणारा शिकंजा असलेला ग्राइंडर घेतला. साध्या बेंच ग्राइंडरवर साखळी हातात धरून घासणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यात कोनही राहत नाही आणि बोटेही सुरक्षित राहत नाहीत.

बहुतेक साखळ्यांना सुमारे ३० अंशांचा कोन लागतो. सर्वांत झिजलेला दात आधी घासून त्याच्या लांबीवर बाकीचे जुळवावेत, आणि चाक दाताला क्षणभरच टेकवून लगेच उचलावे. एका बाजूचे दात संपल्यावर शिकंजा फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्यावेत. दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवणारा दातापुढचा उंचवटा मात्र मी चपट्या कानशीनेच उतरवतो. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा, अधिक उतरला तर यंत्र झटके देते. डोळ्यांवर चष्मा हवाच.