तुम्ही विचारलंत म्हणून : रान राखायचे आणि लाकूडही काढायचे?

“रान वाढवा म्हणणारे तुम्हीच झाडे तोडायला कसे सांगता?” गाव आणि वनखाते मिळून रान राखतात त्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीत मी वीस वर्षे काढली, आणि ग्रामसभेपासून कोल्हापुरातल्या पाहुण्यांच्या घरापर्यंत हा प्रश्न मला चुकलेला नाही. दर वेळी दोन वाक्ये बोलून मी विषय आवरता घेतो; आज सविस्तर लिहितो.

दाजीपूरच्या अभयारण्याविषयी मी बोलत नाही. तेथील एका झाडालाही हात लागू नये. मी बोलतो ते भुदरगड तालुक्यातील आमच्या गावामागच्या, तोडीने, चराईने आणि वणव्यांनी खुरटलेल्या सरकारी वनजमिनीविषयी. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांचे पहिले काम पर्यावरणाचा समतोल राखणे हे ठरवले आणि कारखान्यांना लागणारे लाकूड शेतकऱ्यांच्या साहाय्याने उभे करावे असे सांगितले. पण रानात व रानालगत राहणाऱ्या गरिबांची जळणाची, चाऱ्याची आणि घराला लागणाऱ्या लाकडाची गरज वनउपजातून आधी भागवावी, हेही त्याच नीतीत आहे. मला ते तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही मी चुकलो.

डोंगराच्या उतारावर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड होती. झाडे इतकी दाटली होती की भर दुपारी आत अंधारून येई. विरळणी करावी, म्हणजे दाटीतली काही झाडे काढावीत, निघालेले लाकूड गावाने वाटून घ्यावे आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऐन, किंजळ, जांभूळ यांना वर येऊ द्यावे, असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला. मी उभा राहिलो आणि “एक फांदीही तुटू देणार नाही” असे म्हणालो. टाळ्या पडल्या, प्रस्ताव बारगळला.

पुढच्याच मार्चमध्ये, नवे गवत चांगले फुटावे म्हणून कोणी शेजारच्या माळावर लावलेली आग वाऱ्याबरोबर वर चढली. बाभळीचा पाला लवकर कुजत नाही. झाडांखाली त्याचा वीतभर थर साचलेला होता. जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून मोकळा ठेवायचा पट्टा, त्या वर्षी आम्ही साफ केलीच नव्हती, कारण तोड थांबवली म्हणजे रान राखले, अशी माझी समजूत होती. ओल्या फांद्यांचे झोडपे घेऊन आम्ही पंधरा जण रात्रभर झगडलो, आणि पहाटे उतार काळा दिसला. वरच्या वाडीतल्या ज्या बाईने सभेत विरळणीचे लाकूड मागितले होते, ती सकाळी राखेतून अर्धवट जळालेली लाकडे वेचून मोळी बांधत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मोळी उचलून ती निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

पावसाळ्यानंतर बाभळीचे बहुतेक खुंट मेलेलेच राहिले. ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते ते ऐनाचे जुने बुंधे मात्र जिवंत होते. मगरीच्या पाठीसारखी चिरलेली त्यांची साल वरून कोळसा झाली होती, पण नखाने खरवडली की आत ओल लागत होती. एका बुंध्याला अकरा धुमारे आले होते. सरळ वाढणारे दोन ठेवून बाकीचे आम्ही काढले. मुळे जुनी आणि खोल असल्यामुळे असा फुटवा नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो, आणि नवी लागवड न करता रानही परतते, लाकूडही मिळते. मी तोड म्हणतो ती ही.

विरळणी झाली असती तर वणवा थांबलाच असता, असा माझा दावा नाही. मोकळ्या जागेत गवत माजून आग तशीच पसरली असती, असे माझ्यातला तेव्हाचा माणूस म्हणतो, आणि त्याला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. एकदा कुऱ्हाडीला वाट दिली की मागून ट्रक येतात, ही त्याची भीतीही खोटी नव्हती. हे लाकूड कोणत्या डोंगरावरून आले, असे वखारीत विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही.

दिवाळीनंतर त्याच उतारावर पुन्हा फुटवे निवडायचे आहेत. चुन्याच्या खुणा करायला यंदा वाडीतल्या बायका येणार आहेत. त्यांच्या मते मी अजूनही गरजेपेक्षा जास्त फुटवे राखतो.