श्रावणबाळचे पंधराशे

आज शेजारच्या काकूंना घेऊन तालुक्याच्या बँकेत गेलो. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे पैसे काढायचे होते. "बाबू, आता गोळ्यासाठी सुनेले पैसे मांगा लागत नाही," बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या. फुकटच्या पैशानं लोक आळशी होतात म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

२०२३ पासून महिन्याला १५०० मिळतात. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राचा वाटा किती, तर ८० वर्षांपर्यंत २०० रुपये. तोही २००७ पासून तेवढाच! तेलाचे भाव तेव्हाचे राहिले का?

मला मात्र रोजगार हमीचं मोल जास्त वाटतं. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली, १९७७ साली महाराष्ट्रानं कायदा केला. बाई असो की माणूस, एका कामाला एकच दर. गावात हमीचं काम सुरू असलं की वावरातल्या निंदणाचा रोजही वाढवावा लागतो, म्हणजे भूमिहीन बाईलाही भाव सांगता येतो. आमच्याकडे कापूस संपला की उन्हाळाभर हात रिकामे. तेव्हाच कामं काढा, मजुरी वेळेवर द्या, आणि पेन्शन महागाईप्रमाणे दरवर्षी वाढवा. ग्रामसभेत हे मांडणार आहे, गावातल्यांनी या.