बरोबर फिरणारा बॉल उलटा दिसला

कुत्र्यांच्या फुटबॉलवरच्या ॲनिमेशनपटातला एक शॉट बाणेरच्या आमच्या स्टुडिओत परत आला. दिग्दर्शकाची नोट एका ओळीची, ‘बॉल मागे फिरतोय.’ कुत्रा नाकाने बॉल ढकलत धावतो आणि कॅमेरा बाजूने सोबत पळतो, एवढाच शॉट. रिगमध्ये, म्हणजे बॉल हलवायच्या डिजिटल सांगाड्यात, ऑटो-रोल असल्याने बॉल जितका सरकेल तितकाच फिरत होता. ग्राफ एडिटरमधला कर्व्ह, म्हणजे फिरण्याचा आलेख, स्वच्छ, दिशाही बरोबर. प्रॉडक्शनकडून लगेच निरोप, ‘रोटेशनचं चिन्ह उलटं करून टाका.’ वेळापत्रक सांभाळणाऱ्यांनी नोटवरचे उपाय सुचवू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

घोळ गणितात होता. ५ नंबरच्या बॉलचा परीघ साधारण ६९ सेंटिमीटर. कुत्र्याचा वेग सेकंदाला ६ मीटर, फ्रेम्स २४. म्हणजे दर फ्रेमला बॉल २५ सेंटिमीटर पुढे जातो आणि १३० अंश फिरतो. डिझाइन १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमधल्या बॉलसारखं, २० पांढरे षटकोन आणि १२ काळे पंचकोन. या शॉटमध्ये एक पंचकोन नेमका आसावर, कॅमेऱ्यासमोर, आणि त्याच्याभोवती पाच काळे ठिपके ७२-७२ अंशांवर. ७२ ची दुप्पट १४४. बॉल १३० अंश फिरला की प्रत्येक ठिपका दुसऱ्याच्या जुन्या जागेच्या १४ अंश अलीकडे थांबतो. डोळा सर्वांत जवळची जोडी लावतो, म्हणून बॉल मागे फिरताना दिसतो.

मोशन ब्लरने, म्हणजे वेगामुळे चित्रात येणाऱ्या धूसरपणाने, हे झाकलं जाईल असं बहुतेकांना वाटतं. १८० अंशांचं शटर अर्धी फ्रेम उघडं असतं, तेवढ्यात बॉल ६५ अंश फिरतो. मोशन सॅम्पल, म्हणजे तेवढ्या वेळात बॉलची जागा किती वेळा मोजायची ते, दोनच ठेवले, तर बिंदू कमानीऐवजी सरळ रेषेत सरकतात आणि मध्यावर बॉल १६ टक्के आक्रसतो. सॅम्पल वाढवले की ठिपके पुसले जाऊन राखाडी पट्टा उरतो. डिझाइन मंजूर झालेलं, त्याला हात लावता येत नव्हता.

दिशा नीट दिसायला फिरणं फ्रेमला ७२ च्या निम्म्या, म्हणजे ३६ अंशांच्या आत हवं. मी ३० वर आणलं. पण ३० अंशांत लोळणारा बॉल जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर जाईल. २५ गेला की गवतावर घसरतो. म्हणून त्याला जमिनीवरून उचललं. हवेतल्या बॉलचं फिरणं अंतराशी बांधलेलं नसतं. कुत्र्याची एक झेप ८ फ्रेमची, म्हणून टप्पाही ८ फ्रेमचा. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने त्याची उंची १४ सेंटिमीटरच्या आत बसते, म्हणजे बॉलच्या व्यासापेक्षा कमी. पुढचे पाय टेकताना मान खाली येते, तिथेच नाक लावलं. बॉल जमिनीला टेकतो ती एक फ्रेम कुत्र्याच्या तोंडामागे आणि उडालेल्या गवतात गेली.

शॉट मंजूर झाला. तरी मन मानत नाही, कारण लोळणं बरोबर होतं आणि ते काढावं लागलं. शिवाय पुढच्या शॉटमध्ये हाच बॉल समोरून येतो आणि ऑटो-रोल तिथे अजून चालूच आहे. तो शॉटपुरता ० ते १ मध्ये कमी-जास्त करता यावा, असा स्लायडर रिगरकडे मागितला आहे.