गोखल्यांचं विधेयक

गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. गोपाळ कृष्ण गोखले इथल्याच कोतळूकचे, जन्म १८६६चा. वडील गेल्यावर थोरल्या भावानं पंधरा रुपये पगारातले आठ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी पाठवले. पोटाला चिमटा घेऊन शिकलेल्या या माणसानं १९११ साली सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचं शिक्षण देऊ पाहणारं विधेयक मांडलं, यात मला नवल वाटत नाही. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पडणार हे त्यांना ठाऊक होतं, तसं सभागृहात बोललेही. त्यांना नुसतं ‘मवाळ’ म्हणून बाजूला सारलं, की मला राग येतो. माझ्या वर्गात हे विधेयक मी दरवर्षी शिकवते.