माझा नायटा आणि पुतण्याची टाळू

मागच्या वर्षी एकाच महिन्यात घरात दोन दुखणी निघाली, एक माझं आणि एक पुतण्याचं. गंमत म्हणजे जिथे धीर धरायचा तिथे आम्ही घाई केली आणि जिथे पळायला हवं होतं तिथे आरामात बसलो.

माझं म्हणजे जांघेत नायटा, कातडीवरची बुरशीच ती. लाल गोल चट्टा, कडा उठलेल्या, मधली कातडी साफ, आणि खाज तर विचारूच नका. स्वतःच्या मनाने एक ट्यूब लावली, दोन दिवसात खाज गायब, मी खूश. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. त्याने लाली दबते पण खाली बुरशीचं फावतं, ट्यूब थांबवली तर असा पसरला की कड कुठली तेच कळेना. स्किनच्या डॉक्टरांनी आधी ती ट्यूब बंद केली, मग बुरशी मारणाऱ्या टर्बिनाफिनच्या गोळ्या आणि साधं अँटीफंगल क्रीम, तेही चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि डाग गेला तरी लगेच सोडायचं नाही. पाच आठवडे गेले.

पुतण्या तेव्हा चार महिन्यांचा. डोकं मोठं दिसायचं, आम्ही म्हणायचो हुशार निघणार! वहिनीनेच टेप घेऊन मोजलं, महिन्यात तीन सेंटीमीटर वाढ, त्या वयात साधारण एक असते. मांडीवर शांत बसलेला असतानाही टाळू फुगलेली, डोळे खाली झुकलेले, बुबुळाच्या वर पांढरं दिसायचं. टाळू उघडी असल्यामुळे तिथूनच सोनोग्राफी झाली, मग एमआरआय. मेंदूतलं पाणी वाहायची अरुंद वाटच बंद होती, म्हणून पाणी साचून डोकं वाढत होतं. वहिनीने विचारलं गोळ्यांनी नाही का जाणार, तर नाही, वाट करून द्यावी लागते. दुर्बिणीचं ऑपरेशन असतं पण इतक्या लहान बाळात ते कमी टिकतं म्हणून शंट बसवला, मेंदूतून कानामागून कातडीखालून थेट पोटात जाणारी नळी, पाणी तिथे शोषलं जातं. मधला व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट फिरू न देणारी झडप, बोटाला वाटाण्याएवढा लागतो. असा व्हॉल्व्ह 1950च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या कारागिराने स्वतःच्या मुलासाठी बनवला होता, हे वाचून दादा बराच वेळ गप्पच बसला.

शंट कधीही ब्लॉक होऊ शकतो, उलट्या, सुस्ती, ताप आला की थांबायचं नाही. परवा त्याला उलटी झाली आणि आम्ही दहा मिनिटात बॅग भरून बाहेर. नुसतं पोट बिघडलं होतं.