आधी वाळवा, मग बघा

दंतक्षयाची कारणे विद्यार्थ्यांना पाठ असतात. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो जिवाणू, साखर, दात आणि वेळ यांची एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळे काढून दाखवतो आणि विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडलेला आम्लाचा सिद्धान्तही (जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात विरघळतो) सांगतो. अडचण सुरू होते ती खुर्चीजवळ. तोंड उघडून बसलेल्या माणसाच्या दातांत ती वर्तुळे ओळखायची कशी, हे फळ्यावर शिकवता येत नाही, आणि मला वाटते की आमच्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग नेमका तोच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत आलेल्या एका मायलेकांमुळे तो भाग एका तुकडीला जितका नीट शिकवता आला, तितका एरवी क्वचितच शिकवता येतो.

आई पन्नाशीच्या पुढची, शेतमजुरी करणारी, वर्षानुवर्षे मिशरी लावणारी. थंड पाणी प्यायले की डाव्या बाजूने कळ थेट मस्तकात जाते, अशी तिची तक्रार होती. विशीतला मुलगा तिला मोटारसायकलवरून घेऊन आला होता. तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि त्याला दातांचा काहीही त्रास नव्हता. पण "आलाच आहे तर ह्याचेही बघून घ्या" म्हणून आईने नोंदणीच्या खिडकीवर दोघांचे केसपेपर काढले होते. दोघांना शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवून मी विद्यार्थ्यांच्या दोन जोड्यांना तपासणी करून तक्ता भरायला सांगितले.

अर्ध्या तासाने तक्ते हातात आले. आईच्या तक्त्यावर ११ दात किडलेले म्हणून लाल पेन्सिलीने रंगवले होते. मुलाच्या तक्त्यावर लाल खूण एकही नव्हती. सल्ल्याच्या रकान्यात फक्त "दात स्वच्छ करणे" एवढेच लिहिले होते. तक्ते भरणारे विद्यार्थी हुशार आणि मेहनती होते. त्यांनी काळा रंग दिसला तिथे कीड मानली, पांढरा दिसला तिथे दात निरोगी मानला, आणि शंका आली तिथे टोकदार प्रोब (दात चाचपण्याचे बारीक धातूचे उपकरण) खाचेत दाबून तो अडकतो का ते पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या असेच शिकवले गेले आहे.

प्रोबबद्दल मी वर्गात आग्रहाने बोलते आणि तिथेही बोलले. दाढेच्या खाचेत टोकदार प्रोब अडकतो तो बऱ्याचदा खाच अरुंद आणि खोल असल्यामुळे. तिथे कीड आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की सुरुवातीच्या दंतक्षयात इनॅमलचा, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण आवरणाचा, वरचा पातळ थर बऱ्यापैकी शाबूत असतो आणि खनिजे कमी होतात ती त्याच्या खाली. हा थर टिकला तर लाळेतले कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड यांच्या मदतीने ती जागा पुन्हा घट्ट होऊ शकते. प्रोब दाबून आपण तो थर फोडला, तर जी जागा सुधारली असती तिथे आपल्याच हाताने खड्डा पडतो. म्हणून मी प्रोब आडवा धरून दातावर साचलेला जिवाणूंचा मऊ थर हलकेच बाजूला करायला आणि पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत, एवढेच अजमावायला सांगते. शक्य तेव्हा टोकाला बारीक गोळी असलेला प्रोब देते.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. परीक्षेला बसण्यासाठी विद्यार्थ्यांना ठरावीक संख्येने फिलिंग पूर्ण करावी लागतात. कोटा भरायचा असला की डोळ्यांना खड्डे दिसू लागतात. त्यात विद्यार्थ्यांची लबाडी नसते. शिकवण्याची रचनाच त्यांना ड्रिलकडे ढकलते. ज्या दाताला ड्रिल लावायचे नाही हे सकारण ठरवले, त्या निर्णयालाही पूर्ण झालेल्या कामाइतकेच गुण मिळाले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

आधी आईचे दात स्वच्छ करून घेतले. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तिचा थर दातांवर इतका घट्ट बसतो की खालचा दात दिसतच नाही. थर निघाला तसे खालून पिवळसर, झिजलेले, पण चकाकणारे दात बाहेर आले. हिरडीजवळ बोटाने वर्षानुवर्षे घासून पडलेल्या खोलगट जागा होत्या. प्रोब आडवा फिरवला तर त्या टणक आणि गुळगुळीत लागत होत्या. दाढांच्या खाचा गडद तपकिरी होत्या, मात्र त्याही कठीण आणि चमकदार. काही खाचांत कधीकाळी कीड सुरू झाली असेलही, पण ती केव्हाच थांबली होती. थांबलेली कीड काळी पडून तशीच राहते आणि तिला हात लावण्याचे कारण नसते. लाल रंगवलेल्या ११ दातांपैकी एकच दात तक्त्यावर तसा राहिला: वरची डावी पहिली दाढ. हिरडी सरकल्याने तिचे मूळ उघडे पडले होते आणि मागच्या बाजूला, ब्रश किंवा बोट पोचत नाही अशा जागी, मऊ पांढऱ्या थराखाली पिवळट तपकिरी डाग होता. त्यावरून प्रोब नेला की तो चामड्यासारखा चिवट लागत होता. मुळावर इनॅमल नसते. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) खाली विरघळू लागते, तर मुळाचा भाग ६.२ ते ६.४ च्या आसपासच विरघळू लागतो. म्हणजे शेतात दिवसभरात चार-पाच वेळा होणारा साखरेचा चहा या उघड्या मुळाला पुरेसा होता. कळ मात्र तेवढ्यावरून येत नव्हती, हिरडीजवळच्या झिजेचाही तिच्यात वाटा होता. मुळाला ग्लास आयोनोमरचे फिलिंग आणि झिजेवर संवेदनशीलता कमी करणारा लेप, असे ठरले. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला मिशरीच्या जागी एक पांढुरका सुरकुतलेला पट्टाही होता. तो दाखवायला मावशींना लगेच ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, विभागात पाठवले. दात बघताना तोंडाचे अस्तर न बघता रुग्णाला उठू द्यायचे नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

मग आम्ही सगळे मुलाच्या खुर्चीभोवती जमलो. दात दिसायला छान, पांढरे. ओलसर ब्रशने हिरडीजवळचा थर काढला, कापसाच्या गुंडाळ्या लावल्या आणि एका विद्यार्थिनीला सांगितले की वरच्या सुळ्यावर थ्री-वे सिरिंजने (खुर्चीला जोडलेली, हवा-पाणी सोडणारी नळी) पाच सेकंद हवा सोड आणि नजर हलवू नकोस. पहिल्या दोन सेकंदांत काहीच झाले नाही. लाळेची चकाकी जाऊ लागली तसा हिरडीच्या कडेला समांतर असा एक पट्टा उमटू लागला, सुरुवातीला फिकट, मग खडूसारखा पांढरा आणि निस्तेज. शेजारच्या दोन दातांवरही तसेच झाले. ती विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे मघाशी नव्हतं!" मघाशीही ते तिथेच होते, फक्त ओले होते. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो याचे माप) सुमारे १.६२ असतो, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. खनिजे निघून गेल्याने पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असते तोवर प्रकाश फारसा विखुरत नाही. पाणी निघून तिथे हवा शिरली की हा फरक एकदम वाढतो आणि डाग दिसू लागतो. जो डाग वाळवल्यावरच दिसतो तो उथळ असतो. ओल्या दातावरही दिसत असेल तर कीड अधिक खोल गेलेली असते. आयसीडीएएस या दंतक्षयाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या पहिल्या दोन पायऱ्या याच फरकावर उभ्या आहेत. ते वर्गीकरण त्या सगळ्यांनी वाचले होते, पण दात पाच सेकंद वाळवून कोणीच पाहिला नव्हता.

यवतमाळकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, की हे फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणारे, डाग कशावरून नाहीत? प्रश्न अगदी योग्य होता. तो ज्या भागातून आला, तिथल्या अनेक गावांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि असे दात त्याने लहानपणापासून पाहिले होते. फ्लोरोसिस दात घडत असतानाच होतो; त्यामुळे तो डाव्या-उजव्या दातांवर सारखाच दिसतो, दातावर आडव्या रेघांसारखा किंवा ढगासारखा पसरलेला असतो आणि पृष्ठभागाची चमक सहसा टिकून असते. इथे डाग हिरडीच्या वळणाने, नेमके थर साचत होता तिथेच होते, डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी, आणि प्रोब आडवा फिरवल्यावर खरखरीत लागत होते. ही कीड होती, आणि त्या घडीलाही ती सुरू होती.

बाइटविंग क्ष-किरण काढले, म्हणजे दातांमधल्या फटी दिसाव्यात म्हणून फिल्म दातांत धरून काढतात ते. खालच्या उजव्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे दोन्ही बाजूंना सावली होती; पहिल्या दाढेची सावली इनॅमल ओलांडून त्याखालच्या डेंटिन या थराच्या बाहेरच्या भागात गेली होती, तर दुसरीची इनॅमलमध्येच थांबली होती. साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय क्ष-किरणात सावली दिसत नाही, म्हणून प्रत्यक्ष कीड चित्रापेक्षा थोडी पुढेच असते.

निदान इथे संपत नाही. वीस वर्षांच्या, कणखर, तंबाखूही न खाणाऱ्या मुलाच्या तोंडात हे का चालले आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत निदान अपुरेच असते. "गोड खातोस का?" असे विचारल्यावर तो "नाही" म्हणाला, आणि ते खरेच होते, मिठाई किंवा चॉकलेटला तो शिवत नव्हता. मी त्या विद्यार्थिनीला सांगितले की प्रश्न बदल, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जाते ते क्रमाने विचार. तेव्हा कळले की पहाटे पाचला तो मैदानावर जातो, १६०० मीटर धावण्याचा सराव करतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो, संध्याकाळी पुन्हा व्यायाम करतो, आणि या सगळ्या वेळात एक लिटरची बाटली त्याच्या हातात असते, संत्र्याच्या स्वादाची ग्लुकोज पावडर घातलेल्या पाण्याची. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. घरी मंजन वापरत होते, त्यात फ्लोराइड नव्हते. रात्री दात घासायची सवय नव्हती.

मी त्या विद्यार्थिनीला फळ्यावर स्टीफन वक्र, म्हणजे गोड तोंडात गेल्यावर पीएच कसा उतरतो-चढतो याचा आलेख, काढायला लावला, पण पुस्तकातला नाही, तर या मुलाच्या दिवसाचा. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवले की ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच झपाट्याने खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तिने पाच वाजताचा पहिला घोट मांडला, रेघ खाली आणली, वर न्यायला सुरुवात केली, तोच दुसरा घोट आला. सकाळचे नऊ वाजेपर्यंत रेघ एकदाही ५.५ च्या वर गेली नव्हती. त्यात धावताना तोंडाने श्वास आणि घामाने कोरडे पडलेले तोंड. आम्लाचा जोर कमी करणारी लाळ जेव्हा सर्वांत जास्त हवी, तेव्हाच ती सर्वांत कमी. साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा आणि किती वेळ तोंडात राहिली हे जास्त महत्त्वाचे, हा निष्कर्ष स्वीडनमधल्या विपेहोल्म येथील प्रयोगातून निघाला, हेही मी सांगितले. आणि तो प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खायला घालून केला होता, हेही सांगितले. ते ज्ञान वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याची किंमत कोणी मोजली हे माहीत असायला हवे.

मुलगा फळ्याकडे बघत होता. त्याने विचारले, "मॅडम, पण ग्लुकोज सोडलं आणि मैदानात चक्कर आली तर?" भरती त्याच्या घरासाठी काय आहे हे त्याच्या स्वरातून कळत होते. "सोड" एवढे सांगून भागणार नव्हते. ठरले ते असे: बाटलीत साधे पाणी, धावण्याआधी केळे किंवा भाकरी, ग्लुकोज घ्यायचेच तर सराव संपल्यावर एकदाच, एका दमात, आणि लगेच पाण्याने चूळ. दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी नक्की, फ्लोराइडयुक्त पेस्ट, आणि नंतर खळखळून चूळ न भरता फक्त थुंकायचे.

दाढांचा निर्णय मी मुद्दाम त्याच दिवशी घेऊ दिला नाही. सावली डेंटिनपर्यंत गेली तरी वरचा पृष्ठभाग फुटला आहे की नाही हे क्ष-किरणावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून दोन दाढांच्या मध्ये दात सरळ करण्याच्या उपचारात वापरतात ती रबरी सेपरेटर कडी बसवली. दोन दिवसांनी तो आला तेव्हा दाढांमध्ये सरळ नजर जाईल एवढी फट पडली होती. पहिल्या दाढेचा पृष्ठभाग फुटलेला होता, तिथे फिलिंग केले. दुसरीचा खरखरीत, पण सलग होता. तिला आणि पुढच्या दातांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश लावले. फिलिंग करणाऱ्या विद्यार्थ्याचे एक काम मोजले गेले आणि दुसरी दाढ न कोरण्याचे कारण लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचेही एक. विभागप्रमुखांनी या तुकडीपुरती त्याला संमती दिली आहे.

तीन महिन्यांनी मायलेक पुन्हा आले. मावशींची कळ थांबली होती. मिशरी दिवसातून एकदाच लावते म्हणाल्या, आणि ओठातला पट्टा अजून तपासणीखाली आहे. मुलाच्या पुढच्या दोन दातांवरचे डाग वाळवल्यावरही चमकत होते आणि प्रोबला गुळगुळीत लागत होते. सुळ्यावरचा डाग मात्र अजून निस्तेज आहे, तिथे ब्रश नीट पोचत नाही. त्याला आरसा हातात देऊन ब्रश कसा धरायचा ते पुन्हा दाखवले, व्हार्निशचा आणखी एक थर दिला, आणि दुसऱ्या दाढेची सावली वाढली का हे बघण्यासाठी वर्षभराने पुन्हा बाइटविंग काढायचे, असे त्या विद्यार्थिनीने केसपेपरवर लिहून ठेवले आहे.